सोन्याचे जुने घड्याळ घेताना: आधी केसच्या कडा, मग तबकडी, वजन शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९५० च्या दशकातील, चावी देऊन चालणारी, सोन्याच्या केसमधील (म्हणजे यंत्राभोवतीच्या कवचातील) दोन ओमेगा घड्याळे तुम्हाला विकत मिळत आहेत. पहिल्याची केस १८ कॅरेटची आणि झळझळीत असून तबकडी नव्यासारखी पांढरीशुभ्र आहे. दुसऱ्याची केस ९ कॅरेटची आहे, तिच्यावर सोन्याच्या शुद्धतेचे बर्मिंगहॅमचे ठसे आहेत, पाठीवर एका इंग्रज कर्मचाऱ्याच्या पंचवीस वर्षांच्या नोकरीच्या गौरवाचा मजकूर कोरलेला आहे, आणि तबकडीच्या काठाशी फिकट तपकिरी डाग पडले आहेत. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, तरी जादा पैसे सोन्यातच वसूल होतील असे सांगून तुमच्या ओळखीच्या सराफांनी पहिलेच घ्यायला सुचवले आहे. तुम्ही पाठवलेली छायाचित्रे भिंगाखाली पाहून माझे मत असे झाले आहे की दुसरे घ्यावे. कारणे सविस्तर सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक खरेदीत तुम्हाला तीच उपयोगी पडतील.

आधी सोन्याचा हिशेब मांडू. समजा, यंत्र, काच आणि पट्टा काढल्यावर केसचे वजन १० ग्रॅम भरले. ती १८ कॅरेटची असेल तर तिच्यात ७.५ ग्रॅम शुद्ध सोने असते आणि ९ कॅरेटची असेल तर ३.७५ ग्रॅम. म्हणजे दोन्ही केस सारख्याच वजनाच्या धरल्या, तर कॅरेटमुळे पडणारा फरक पावणेचार ग्रॅम सोन्याचा आहे, आणि मोडीत घालताना सराफ घट धरणारच. तुम्ही लिहिलेल्या किमतींतील तफावत याहून बरीच मोठी आहे. सोन्याच्या वर जी रक्कम मागितली जाते ती घड्याळाची असते, आणि पहिल्या घड्याळात नेमकी तीच बाजू लंगडी आहे. सराफांचा सल्ला त्यांच्या व्यवसायाच्या दृष्टीने चुकीचा नाही, कारण त्यांच्याकडे आलेला दागिना आटवला तरी त्याचे मोल फारसे कमी होत नाही. घड्याळाची केस आटवली की मात्र जे नष्ट होते ते पुन्हा घडवता येत नाही.

हे आटवणे फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे. १९६९ च्या डिसेंबरात सेइकोने ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणारे, मनगटी घड्याळ बाजारात आणले (ते स्वतः १८ कॅरेट सोन्याच्या केसमध्ये होते) आणि पुढच्या दहा वर्षांत चावीच्या घड्याळांना विचारणारे कोणी उरले नाही. त्यातच जानेवारी १९८० मध्ये सोने औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढले. जे घड्याळ कोणाला नको होते त्याच्या केसला मात्र एकदम भाव आला, आणि युरोप-अमेरिकेत सोन्याच्या केस काढून भट्टीत गेल्या. उत्तम चालणारी पण बिनकेसची स्विस यंत्रे आजही बाजारात मिळतात, ती त्याच काळातली. सोन्याचा भाव वाढला की हा प्रकार पुन्हा सुरू होतो. म्हणून मूळ केस, मूळ यंत्र आणि मूळ तबकडी एकत्र राहिलेले साधे घड्याळही मला जपण्यासारखे वाटते, मग ते ९ कॅरेटचे का असेना.

आता केसकडे वळू. जुन्या सोन्याच्या घड्याळाचे सर्वांत मोठे नुकसान पॉलिशने होते, आणि आपल्याकडे ते फार सहज होते, कारण दागिना सणासुदीला उजळून घेण्याची आपली रीत आहे. पाटल्या उजळल्या तर काही बिघडत नाही. घड्याळाच्या केसला मात्र आकार असतो. पट्टा अडकवण्याचे चार पाय केसपासून निघताना त्यांच्यावर धारदार कडा असतात, काही घड्याळांत त्या कडेवर आणखी एक अरुंद तिरकी पट्टी कापलेली असते, आणि काचेभोवतीच्या कड्याला पायरी असते. फिरत्या बफवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकावर, केस टेकवली की सर्वांत आधी या कडा जातात, कारण त्याच सर्वांत उंच असतात. दोन-तीन उजाळ्यांनंतर पाय गोलसर, साबणाची वडी झिजावी तसे होतात, आणि गेलेले सोने परत येत नाही. लेझरने सोने भरून कडा पुन्हा कापून देणारे कारागीर परदेशात आहेत, परंतु ते काम महाग पडते आणि सामान्य घड्याळासाठी परवडत नाही.

तुम्ही पाठवलेल्या पहिल्या घड्याळाच्या बाजूच्या छायाचित्रात पायाच्या खालच्या अंगाला मारलेला ठसा दिसतो. तो नीट पाहा. स्वित्झर्लंडमध्ये १८ कॅरेटच्या केसवर हेल्व्हेशियाचे, म्हणजे एका स्त्रीचे बाजूने दिसणारे मुख उमटवत असत, आणि १४ कॅरेटवर खार. तुमच्या छायाचित्रात मुखाची बाह्यरेषा तेवढी उरली आहे आणि आतला चेहरा पुसला गेला आहे. ठसा मारताना खोल असतो, त्यामुळे तो इतका उथळ होण्यासाठी भोवतालची धातू बरीच घासली गेलेली असते. जोडीला पट्ट्याच्या कांबीची भोके पाहा: एका पायाचे भोक कडेच्या अगदी जवळ आले आहे आणि समोरच्या पायाचे नाही, म्हणजे घासणे सारखेही झालेले नाही. दुसऱ्या घड्याळात चारही पायांच्या कडा भिंगाखाली स्पष्ट आहेत. त्यावर ओरखडे पुष्कळ आहेत, ते तसेच राहू द्यावेत.

ठशांविषयी आणखी थोडे. १ ऑगस्ट १९९५ पासून स्विस ठसा बदलून सर्व मौल्यवान धातूंसाठी सेंट बर्नार्ड कुत्र्याचे मुख आले. त्यामुळे १९५० च्या दशकातील म्हणून दाखवलेल्या घड्याळावर तो कुत्रा असेल तर केस नंतरची आहे, एवढे निश्चित. फ्रान्समध्ये बनलेल्या १८ कॅरेटच्या केसवर गरुडाचे मुख असते आणि तिथे आयात झालेल्या सोन्यावर घुबड. ब्रिटनमध्ये आयात कर आणि निर्बंध यांमुळे स्विस कंपन्या बहुधा यंत्र आणि तबकडी तेवढी पाठवत, व केस तिथेच घडवून घेत. ओमेगाच्या ९ कॅरेटच्या अनेक केस बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीने बनवल्या, जी १९६७ मध्ये बंद झाली. तुमच्या दुसऱ्या घड्याळाच्या झाकणाच्या आत डेनिसनचे नाव, ०.३७५ हा आकडा (९ कॅरेटमधील सोन्याचे प्रमाण), बर्मिंगहॅमचा नांगर आणि वर्षाचे अक्षर असे सगळे दिसते. त्या अक्षरावरून केसचे वर्ष काढता येते आणि यंत्रावरील अनुक्रमांकाच्या वर्षाशी ते पडताळता येते. अशी दुहेरी खूण स्विस केसमध्ये मिळत नाही, आणि ब्रिटिश केस मला आवडण्याचे हे एक मोठे कारण आहे. पाठीवर ओमेगाच्या कारखान्याचा केस क्रमांक नाही म्हणून विक्रेत्याला शंका आली असेल तर ती सोडून द्यावी, डेनिसनच्या केसवर त्यांचा स्वतःचा क्रमांक असतो.

आपल्याकडे दागिन्यांवर २०२१ पासून हॉलमार्क बंधनकारक झाला असला तरी घड्याळांना त्यातून सूट आहे. तेव्हा भारतीय हॉलमार्क नाही म्हणून सोन्यावर संशय घेऊ नये, आणि कोणी नवा ठसा मारून देतो म्हटले तर हात लावू देऊ नये.

घराघरांतून निघणारी बहुतेक 'सोन्याची' घड्याळे प्रत्यक्षात रोल्डगोल्ड किंवा मुलाम्याची असतात. झाकणावर '२० मायक्रॉन', 'प्लाके' किंवा '१० के गोल्ड फिल्ड' असे शब्द असले तर प्रश्न मिटला. शब्द नसतील तर पायांची टोके आणि चावीच्या बाजूची कड पाहावी, कारण मुलामा तिथे आधी उडतो आणि खालचे पितळ किंवा पांढरी धातू उघडी पडते. सराफाकडे कॅरेटमीटर (सोन्याचे कॅरेट मोजणारे यंत्र) असला तरी एक गोष्ट ध्यानात ठेवा: ते यंत्र पृष्ठभागाच्या वरच्या काही मायक्रॉनपुरतेच पाहते, त्यामुळे जाड मुलाम्यावरही ते निर्धास्तपणे कॅरेटचा आकडा दाखवते. झाकण आतून तपासायला सांगावे, आणि कसोटीवर घासण्यासाठी केस मुळीच देऊ नये. मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत अगदी साधी आहे. झाकण घड्याळजींकडून काढून घ्यावे, मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर ते आधी कोरडे तोलावे, मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याने झाकण पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे लटकवावे. कोरडे वजन ३.१० ग्रॅम असेल आणि पाण्यात लटकवल्यावर काटा ०.२० दाखवत असेल, तर कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागून भागाकार, म्हणजे घनता, १५.५ येते, आणि हा १८ कॅरेट पिवळ्या सोन्याचा आकडा आहे. १४ कॅरेटला तो १३ च्या आसपास येतो, ९ कॅरेटला ११ च्या आसपास, तर पितळ साडेआठ आणि पोलाद आठच्या आत राहते. झाकणाला बुडबुडे चिकटू देऊ नयेत, नाहीतर आकडा फसवा येतो.

एक अपवाद सांगून ठेवतो. 'क्रोनोग्राफ सुईस' अशा नावाची, १८ कॅरेटचा खरा ठसा असलेली मोठी घड्याळे पुष्कळ दिसतात. त्यांचे सोने खरेच असते, परंतु केस पत्र्याइतकी पातळ आणि पाय पोकळ असतात, ती पर्यटकांना विकण्यासाठी बनवलेली होती. दिसते त्या मानाने हातात फार हलके लागले तर तिथेच थांबावे.

तबकडीचा मुद्दा किमतीच्या दृष्टीने केसइतकाच, माझ्या मते त्याहून मोठा आहे. पहिल्या घड्याळाची तबकडी पुन्हा रंगवलेली आहे. ते कसे ओळखायचे, हे तुमच्याच छायाचित्रांवरून सांगतो. तासांच्या सोनेरी खुणा पायांनी तबकडीत बसवलेल्या असतात, त्यांची जागा कधी बदलत नाही. मिनिटांचे ठिपके मात्र शाईने छापलेले असतात, आणि पुन्हा छापताना ते खुणांशी तंतोतंत जुळवणे अवघड असते. तुमच्या छायाचित्रात दोनच्या खुणेसमोरचा ठिपका मध्यावर आहे, पण आठच्या खुणेसमोरचा एका बाजूला सरकला आहे. सेकंदाच्या लहान वर्तुळात मुळात अतिशय बारीक समकेंद्री रेषा कोरलेल्या असतात आणि घड्याळ फिरवले की त्यांवरून प्रकाश सरकतो. इथे त्या रेषा नव्या रंगाखाली बुजल्या आहेत. सहाच्या खाली 'स्विस मेड' ही अक्षरे असायला हवीत, त्याऐवजी मोकळी जागा आहे. कधी याच्या उलटही होते: अंधारात चमकणारा कोणताच पदार्थ नसलेल्या तबकडीवर 'टी स्विस मेड टी' असे छापलेले सापडते. ते दोन 'टी' ट्रिटियमसाठी असतात, आणि हा पदार्थ घड्याळांत १९६० च्या दशकात रूढ झाला. पाटेक फिलिपसारख्या घराण्यांच्या जुन्या तबकड्यांवर नाव शाईने छापलेले नसून भाजलेल्या मिन्याचे असते आणि भिंगाखाली ते किंचित उंच दिसते, ते सपाट दिसले तर तबकडीला हात लागलेला आहे.

मुंबईत तबकड्या रंगवण्याचा धंदा जुना आहे, आणि त्यात खरे कौशल्य असलेले कारागीर होते, हे मी आदराने नमूद करतो. दमट हवेत तबकडीचे लाखेचे आवरण फुगते, डागाळते, आणि ज्याला रोज घड्याळ वापरायचे होते त्याने ती रंगवून घेतली यात वावगे काही नव्हते. परंतु संग्राहकांच्या बाजारात याच कामाला वाईट नाव मिळाले, कारण जुनी यंत्रे नव्या मुलाम्याच्या केसमध्ये बसवून, वेस्ट एंड, फाव्र-ल्युबा, ओमेगा अशी नावे भडक तबकड्यांवर छापून ती परदेशी गिऱ्हाइकांना विकली गेली. अशा वस्तूंना बाहेर 'मुंबई स्पेशल' म्हणतात. म्हणून इथे मिळालेले पांढरेशुभ्र जुने घड्याळ दाखवताना विक्रेता जेवढा उत्साही असेल तेवढे तुम्ही सावध असावे. दुसऱ्या घड्याळाचे तपकिरी डाग मला अजिबात खटकत नाहीत. तबकडी स्वच्छ करून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा: जुन्या तबकडीवरील अक्षरे आवरणाबरोबर निघून येतात, आणि साध्या ओलसर कापसानेही नाव पुसले जाऊ शकते.

यंत्राबाबत दोन्हींची स्थिती चांगली आहे, त्यामुळे इथे थोडक्यात सांगतो. दोन्हींत ओमेगाचे ३० मिलिमीटरचे यंत्र आहे. १९३९ मध्ये ३०टी२ या नावाने सुरू झालेले हे घराणे पुढे वीस वर्षांहून अधिक काळ बनत राहिले आणि वेधशाळांच्या अचूकतेच्या स्पर्धांत गाजले. सुटे भाग अजून मिळतात आणि कोणताही जाणता घड्याळजी ते उघडायला कचरत नाही. तांबूस सोनेरी रंग सगळ्या पुलांवर (चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर) सारखा असावा, स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या नसाव्यात. घड्याळाची टिकटिक ऐकून मोजणाऱ्या चाचणी यंत्रावर लिफ्ट अँगल (प्रत्येक प्रकारच्या यंत्रासाठी ठरलेले कोनाचे माप) ४९ अंश ठेवून, पूर्ण चावी दिल्यावर आणि तबकडी वर ठेवून तोलचक्राचे दोलन २७० अंशांच्या आसपास आले तर यंत्र निरोगी आहे, २२० च्या खाली असेल तर साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. चावीची दांडी बाहेर काढून पाहायला मात्र विसरू नये. अशा दाबून बसवलेल्या झाकणाच्या केसला पाण्याचा अटकाव जवळजवळ नसतो, मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात घाम आणि बाष्प चावीच्या वाटेनेच आत शिरते, आणि गंज आधी दांडीवर व तबकडीखालच्या चावीच्या भागांवर धरतो. तो वरून दिसत नाही.

पाठीवरच्या कोरीव मजकुराबद्दल तुम्ही विचारले आहे की तो घासून काढता येईल का. काढता येईल, पण काढू नये. झाकण आधीच पातळ असते, मजकूर जाईपर्यंत घासले की ते दाबाने लवते आणि पुन्हा नीट बसत नाही. त्याशिवाय, गौरव म्हणून मिळालेली घड्याळे बहुधा कपाटात जपून ठेवली जात आणि समारंभापुरती बाहेर निघत, त्यामुळे त्यांच्या केस इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत सापडतात. बाजार अशा मजकुरासाठी किंमत कमी करतो आणि संग्राहकाचा त्यात फायदाच असतो. एका माणसाच्या पंचवीस वर्षांच्या कामाची नोंद मनगटावर वागवण्यात मला तरी काही उणे वाटत नाही.

पुढे संग्रह वाढवायचा असेल तर एकाच काळातील, एकाच प्रकारची घड्याळे घेत जावे, म्हणजे नजर लवकर तयार होते. ३३ ते ३५ मिलिमीटरच्या मापात लाँजिन या स्विस कंपनीचे ३०एल आणि आयडब्ल्यूसी या दुसऱ्या स्विस कंपनीचे कॅलिबर ८९ (कॅलिबर म्हणजे यंत्राचा नमुना) ही दोन यंत्रे सोन्याच्या केसमध्ये अवश्य शोधावीत. कॅलिबर ८९ हे १९४६ चे, कंपनीचे तांत्रिक प्रमुख आल्बर्ट पेलाटन यांच्या देखरेखीखाली घडलेले यंत्र आहे आणि त्याच्याइतके सरळ, दणकट बांधणीचे दुसरे मध्यवर्ती सेकंदाचे यंत्र मला सहसा आठवत नाही. लाँजिन आपल्या जुन्या नोंदवह्यांतून अनुक्रमांकावरून घड्याळाची माहिती देते, त्याचा जरूर उपयोग करावा. अतिशय पातळ यंत्रांच्या मागे मात्र सुरुवातीला लागू नये. पियाजेचे १९५७ चे ९पी अवघे २ मिलिमीटर जाडीचे, व्हाशरॉनचे १००३ तर १.६४ मिलिमीटरचे. ही यंत्रे अप्रतिम आहेत, पण ती उघडून पुन्हा तशीच बसवू शकणारे हात फार थोडे, आणि एक चूक झाली तर सुटा भाग मिळवण्यात वर्ष जाते.

घड्याळ घेतल्यावर ते एकदा पूर्ण साफ करून तेल घालून घ्यावे आणि देताना घड्याळजींना लेखी सांगावे की केसला पॉलिश करायचे नाही आणि तबकडीला हात लावायचा नाही. हे तोंडी सांगितलेले बहुतेक ठिकाणी विसरले जाते, कारण चकचकीत करून परत देणे हा गिऱ्हाइकाचा मान राखण्याचा भाग समजला जातो. चावी रोज सकाळी, घड्याळ मनगटावरून काढून, घट्ट लागेपर्यंत द्यावी. काच ॲक्रिलिकची असल्याने तिच्यावरचे बारीक ओरखडे पॉलिशने जातात, त्यासाठी काच बदलू नये. मूळ काचेच्या आत मध्यभागी भिंगातूनच दिसेल इतके लहान ओमेगाचे चिन्ह असते, तेही पाहून ठेवा. जून ते सप्टेंबर हे घड्याळ सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात राहिले तर उत्तम, आणि पुडी निळ्या रंगाची घेतली असेल तर ती गुलाबी झाली की बदलावी.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून दुसऱ्या घड्याळाचे झाकण उघडून तीन छायाचित्रे नव्याने मागा: झाकणाची आतली बाजू, यंत्रावरील अनुक्रमांक, आणि तबकडी काचेशिवाय. तिसऱ्याला विक्रेता नकार देईल, ते समजण्यासारखे आहे. पहिल्या दोन्हींना नकार दिला तर मात्र हे घड्याळही सोडून द्यावे.